बाबा कामावर गेलेत

अमेरिकन सैन्याच्या राखीव दलात, रिझर्व्हमध्ये, मी कॉलेजच्या फीसाठी गेले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. बाबा आमच्या नोव्हाय शहरातल्या एका हॉटेलात स्वयंपाकी होते, आई इंजिनिअर मुलांना डबे द्यायची. महिन्यातून एक वीकेंड ड्रिल आणि त्या बदल्यात फी, एवढंच मला कळलं होतं. तिसऱ्या वर्षी ऑर्डर आली. शांतिसेनेच्या मदतीला कोसोव्होला जायचं, नऊ महिने.

निघण्याआधी घरच्यांना एक कागद समजावून सांगायचा असतो. घरी कोणी गंभीर आजारी पडलं तर त्यावरच्या नंबरवर कळवायचं. हॉस्पिटलकडून खात्री झाली की आम्हाला घरी पाठवतात. कोणी कळवलंच नाही तर सुट्टी नाही. मी ते बॅग भरता भरता, पाचेक मिनिटांत सांगितलं. बाबा म्हणाले, "आम्हाला काय धाड भरलीय? तू नीट जेव. त्या पाकिटातल्या जेवणाला मीठ तरी असतं का?"

तिकडे माझं काम गोदामात होतं. ब्लँकेट, जनरेटरचे सुटे भाग कुठल्या तळावर गेले ते लिहायचं. दर रविवारी घरी व्हिडिओ कॉल. जानेवारीपासून बाबा दिसेनासे झाले.

"कामावर गेलेत," आई म्हणायची.

"रविवारी सकाळी?"

"अगं, ब्रंच असतो हल्ली."

मी मानलं. खरं तर मला मानायचंच होतं.

मार्चमधल्या एका रविवारी आईच्या कपाळावर टिकली नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, "आधी जेवून घे, मग सांगते." बाबांना जाऊन पंधरा दिवस झाले होते. स्वादुपिंडाचा कॅन्सर. तेरावाही उरकला होता. लांबच्या माणसाला वाईट बातमी सगळं आटोपल्यावर द्यायची, ही आमच्याकडची रीत. बाबांनाही त्यांची आई गेल्याचं गावाहून असंच उशिरा कळवलं होतं. त्यानंतर मी सुट्टी मागितली नाही. कोणाला भेटायला जाणार होते?

जूनमध्ये परतले. आई डब्यांच्या पोळ्या लाटत होती. दोन दिवस तोंडात घोळवलेला प्रश्न शेवटी विचारला. "का नाही कळवलंस?"

"त्यांनीच शपथ घातली होती. म्हणाले, पोरगी मध्येच आली तर करार मोडेल, फी बंद होईल. शेवटच्या वर्षात अडकून पडेल." लाटणं थांबलं. "झाली असती ना गं बंद?"

झाली नसती. त्या सुट्टीने काहीच बिघडत नाही. कागदावर तसं स्पष्ट लिहिलं होतं. आईबाबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, आणि तेवढीच ओळ सांगायची माझ्याकडून राहिली होती.

आई माझ्याकडे बघत होती. तव्यावरची पोळी करपायला लागली होती.

"हो," मी म्हणाले. "झाली असती."