घारी, गवत आणि गजराबाईचं पिठलं

“इन्स्पेक्टर, जरा वर बघा आणि मोजा,” कॅप्टन म्हणाले.

मी मोजायला लागलो. अठरापर्यंत आलो आणि गोंधळलो, कारण घारी एका जागी थांबत नाहीत. विसाच्या वर होत्या एवढं नक्की. खाली धावपट्टीवर लाल शेपटीचं छोटं विमान नुकतंच घाईघाईनं उतरलेलं. रिहर्सल अर्ध्यावर बंद पडली होती. दुसऱ्या दिवशी दहा वाजता शो होता आणि माळावर हजार-दीड हजार माणसं मुक्कामाला आलेली होती.

“ह्या घारी उद्या वर असतील तर एकही विमान उडणार नाही,” कॅप्टन म्हणाले. “मटण कुणी शिजवलं, ते शोधा.”

ही सत्तरच्या दशकातली, दिवाळीनंतरच्या आठवड्यातली गोष्ट. मी तेव्हा सोलापुरात आरोग्य खात्यात सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. म्हणजे हॉटेलांची मोरी बघायची, पाण्यात औषध टाकायचं, उघडे पेढे दिसले की ते नष्ट करायचे आणि सगळ्यांच्या शिव्या खायच्या. शहराबाहेरच्या धावपट्टीवर फ्लाइंग क्लबची मंडळी विमानांच्या कसरती करणार होती आणि कॅप्टन त्यांचे प्रमुख होते. टेंभुर्णीपासून अक्कलकोटपर्यंतची माणसं बैलगाड्या जुंपून, ट्रकमधून, शाळांची पोरं मास्तरांसकट, असे सगळे दोन दिवस आधीच येऊन माळावर तळ ठोकून बसले. त्यांना खायला-प्यायला काय मिळावं, हे ठरवण्याचं काम माझ्याकडं आलं होतं.

पहिल्याच मीटिंगला कॅप्टननी एक अट घातली होती. मटण नको, मासळी नको, हाडूक दिसता कामा नये. उष्ट्यावर घारी येतात. वेगात असलेल्या विमानावर घार आदळली तर समोरची काच फुटते, पंखा वाकतो. शेर-दीड शेराचा पक्षी, पण तो विमान पाडू शकतो. मला हे नवीनच होतं. मी घरी येऊन बायकोलाही सांगितलं. ती म्हणाली, “मग घारीचं काय होतं?” हा प्रश्न मीटिंगमध्ये कुणालाच सुचला नव्हता.

मी यादी केली. कडक भाकरी, कारण ती पापडासारखी वाळवलेली असते आणि आठवडाभर टिकते. शेंगाचटणी. पिठलं. शेंगाची आमटी. चुरमुरे, गूळ-शेंगदाणे, चहा. बर्फाचा गोळा बंद, कापलेली फळं बंद, ताक फक्त झाकलेल्या मडक्यातलं. पाण्याला टँकर, त्यात ब्लीचिंग पावडर. त्या पाण्यावरून पहिल्याच दिवशी अक्कलकोटकडच्या एका म्हाताऱ्या पाहुण्यांनी मला गाठलं. “सायेब, ह्ये नीर आमचा बैल बी पीत न्हाय की. वास मारतंय.” मी म्हटलं, “बैलाला हौदावर न्या, तुम्ही मात्र हेच प्या.” ते कानडीत काहीतरी पुटपुटले. मी अर्थ विचारला नाही.

यादीनं खरा फटका बसला तो गजराबाईला. गिरणीच्या फाटकाजवळ तिची खाणावळ होती. तिचा मटणाचा रस्सा गिरणगावात नावाजलेला. गिरणीची एक पाळी बंद झाल्यापासून जेवणारे कमी झाले होते, म्हणून ती ह्या माळावरच्या चार दिवसांवर आस लावून होती. मी ‘मटण बंद’ म्हटल्यावर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“भाकरी-चटणी तर लोकं घरनंच बांधून आणत्यात. माझ्याकडं काय वास घ्याला येनार?”

“पिठलं कर. आमटी कर. गरम मिळालं की येतील.”

“बरं,” ती म्हणाली. ते ‘बरं’ ऐकून मला बरं वाटलं नव्हतं.

आता घारी आल्या म्हटल्यावर सगळ्यांची बोटं तिच्याकडंच वळली. चहावाल्यानं शपथ घेऊन सांगितलं, “सकाळपास्नं मटनाचा वास येतोय तिच्या पालातनं.” आमचे हेल्थ ऑफिसर डॉक्टरसाहेब जीपमधून उतरले, आभाळाकडं बघितलं आणि निकाल देऊन टाकला. “बाईचं लायसन रद्द करायची शिफारस करा. संध्याकाळपर्यंत रिपोर्ट माझ्या टेबलावर.” लायसन म्हणजे खाणावळ चालवायचा परवाना. तो गेला की माळावरचं पालच नाही, फाटकाजवळची खाणावळही बंद. तिच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं.

मी तिच्या पालात गेलो आणि एकेक झाकण उचललं. पिठलं. आमटी. भात. वास मात्र खरंच मटणाचा येत होता. मी पुन्हा आमटीच्या पातेल्यात नाक घातलं.

“काळं तिखट हाय त्ये,” गजराबाई म्हणाली. “मटनाला घालते त्येच. दुसरं कुटनं आनू?”

माझं नाक खात्यात प्रसिद्ध होतं. त्या दिवशी त्याची अब्रू गेली. तरी मी खराट्याच्या दांड्यानं तिचा उकिरड्याचा खड्डा उकरला. कांद्याची टरफलं, राख, शेंगांची फोलपटं. हाडूक नाही.

“अजून खांदा की,” ती म्हणाली. “पार पानी लागंस्तवर खांदा.”   मला लाज वाटली, पण तसं मी बोललो नाही. इन्स्पेक्टरनं लाजायचं नसतं असं मला तेव्हा वाटायचं.

मग घारी आल्या कशासाठी? मला आता रिपोर्टपेक्षा हा प्रश्न जास्त सतावायला लागला. पालाबाहेर एका खोक्यावर बसलो आणि वर बघत राहिलो. गजराबाईही येऊन उभी राहिली. तिनं डोळ्यांवर पदर धरला.

“सायेब, माज्या चुलीवर एक बी न्हाय. चहावाल्याच्या डोक्यावर बी न्हाय. समद्या तिकडं हायत्या, गवताकडं.”

खरंच होतं. इतका वेळ आम्ही सगळे घारी मोजत होतो. त्या कुठं उतरतात, ते कुणी बघितलंच नव्हतं.

मी धावपट्टीच्या कडेच्या त्या पट्ट्याकडं चालत गेलो. कालच तिथलं गवत कापलेलं होतं आणि जागच्या जागी पडलेलं होतं. एक घार सपकन खाली आली, पायात काहीतरी धरून वर गेली आणि उडता उडताच पाय चोचीकडं नेऊन खायला लागली. मांसाचा तुकडा असता तर तो तिनं कुठंतरी बसून खाल्ला असता. मी कापलेल्या गवतात पाय घातला. कढईतून लाह्या उडाव्यात तसे नाकतोडे उडाले. शेकड्यांनी. उंच गवतात ते लपून होते. गवत कापलं आणि घारींना पंगत वाढली गेली.

गवत कापायला सांगितलं होतं मी. मुक्कामाची माणसं वाढली, जागा पुरेना, म्हणून तो पट्टा मोकळा करायचा होता. हुकमावर कारण लिहिलं होतं, ‘सर्पदंशाचा धोका’. खाली सही माझी.

मी कॅप्टनना बोलावलं आणि नाकतोडे दाखवले. ते उकिडवे बसले, एक पकडला, उलटासुलटा करून बघितला.

“गवत कुणी कापलं?”

“मी कापायला लावलं.”

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. ओरडतील असं वाटलं होतं, पण ते म्हणाले, “उरलेल्याला हात लावू नका. आणि हे पडलेलं उचला. किती वेळ लागेल?”

माणसं लावली असती तर दोन दिवस लागले असते. मला माळावरचे बैल आठवले. मी त्या अक्कलकोटच्या पाहुण्यांना जाऊन सांगितलं, “गवत फुकट आहे, न्या.” ते आधी विश्वास ठेवायला तयार नव्हते. “औशीद न्हाय ना मारलं त्येच्यावर?” मी नाही म्हटल्यावर गाड्या जुंपल्या गेल्या. दिवस मावळायच्या आत पट्टा साफ झाला. घारी पाच-सहाच राहिल्या.

त्यांच्यावरची तोड कॅप्टननी सांगितली. ऊन चढून जमीन तापली की गरम हवा वर जाते आणि घारी पंख न हलवता तिच्यावर चढतात. सकाळी थंडीत त्या झाडावर बसून असतात. तेव्हा शो दहाऐवजी सातला.

मग माझी पंचाईत. एवढी माणसं सातच्या आत खाणार काय? मी पुन्हा गजराबाईच्या दारात. दुपारी जिचा उकिरडा उकरला, तिलाच विनंती करायची होती.

“पहाटे पिठलं-भाकरी होईल का?”

“लायसन ऱ्हातंय का माजं, त्ये आदी सांगा.”

“राहतंय. चूक माझी होती. गवत मी कापलं.”

ती खाली बसली आणि चुलीतली राख ओढायला लागली.

रिपोर्ट मी त्याच संध्याकाळी लिहिला. डॉक्टरसाहेबांनी वाचला आणि चष्मा काढला. “अहो, ‘पक्षी नैसर्गिक कारणांनी आले’ एवढं पुरे. स्वतःचं नाव कशाला घालता?”

“नाहीतर बाईचं नाव कागदावर तसंच राहील, साहेब.”

“मेमो निघेल.”

“निघू दे.”

सकाळी सातला विमानं उडाली. लाल शेपटीचं विमान आमच्या डोक्यावर उलटं झालं तेव्हा अख्ख्या माळाच्या हातातला घास हातातच राहिला. मी मात्र विमान बघितलंच नाही. मी झाडांवरच्या घारी बघत होतो. त्या बसून होत्या.

शो संपल्यावर गजराबाई रिकामी पातेली घासत होती. मी तिला सांगितलं, रिपोर्टात तिचं नाव नाही, माझं आहे.

तिनं हात थांबवला. “आसं व्हय? मग आता तुमचं लायसन कोन काढून घेनार?”

“आम्हाला लायसन नसतं, गजराबाई.”

“आसाया पायजे,” ती म्हणाली आणि पातेलं पालथं घातलं.

मेमो महिन्याभरानं आला. ‘गवत कापण्यापूर्वी पुरेशी चौकशी का केली नाही, याचा खुलासा करावा.’ मी खुलासा केला. तो कुणी वाचला असेल असं वाटत नाही. पुढं नोकरीत बरीच लायसन्स रद्द करण्याचे कागद माझ्यासमोर आले. दर वेळी सही करायच्या आधी, चूक आमचीच तर नाही ना हे बघायला, मी एकदा आमच्याच खात्याची फाइल मागवायचो. चार वेळा कागद परत पाठवावा लागला.