दसऱ्यानंतर बंद पडलेला कॉम्प्युटर

मी तेव्हा फार शहाणी होते. पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स केलेली आणि शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत कॉम्प्युटर चालवता येणारी एकटीच. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. पुण्याच्या कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेला एक जुना कॉम्प्युटर मालकांनी आणला होता आणि त्याच्यासाठी काचेची खोली करून घेतली होती. आत यायचं तर चपला बाहेर, हा नियम माझा. मोल्डिंगची काळी माती पायाला लावून कोणी नुसतं दारात आलं तरी माझ्या कपाळाला आठी पडायची.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी यंत्रं धुऊनपुसून पुजायचे. त्या दिवशी एकही यंत्र चालवायचं नाही. पूजा मालक स्वतःच्या हाताने करत. त्यांच्या वडिलांची उद्यमनगरात एकच लेथ होती तेव्हापासूनची ती रीत. त्या वर्षी कॉम्प्युटरचीही पूजा ठरली. "आत पाणी जाऊ देऊ नका," एवढं मालकांना बजावून मी लवकर घरी गेले.

दसऱ्याची सुट्टी झाल्यावर सकाळी आले, झेंडूची माळ काढली, कुंकू पुसलं आणि बटण दाबलं. आतला पंखा टक् करून जरासा हलला आणि थांबला. पडदा काळाच. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. चार-पाच वेळा तसंच झालं. सगळ्या कास्टिंगची वजनं आणि ऑर्डरी मी त्यात भरल्या होत्या, आणि आता वह्या कशाला हव्यात असं मालकांना मीच पटवलं होतं.

मालक आले, बटण दाबून बघितलं आणि माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "पूजेआधी वायरमनमामांनी इथला बोर्ड बदलला होता."

हे खोटं नव्हतं. नवमीच्या आदल्या दिवशी त्यांनी भिंतीवरचा प्लगचा बोर्ड बदलला होता. पण त्यानंतर कॉम्प्युटर चांगला दोन तास चालला होता, तेवढं मी बोलले नाही.

वायरमनमामा पन्नाशी ओलांडलेले, मालकांच्या वडिलांच्या वेळचे. शिरोळकडच्या गावातून रोज एसटीने यायचे. मालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून दार लावलं. सुरुवातीचं काही ऐकू आलं नाही. शेवटी मात्र मालकांचा आवाज चढला आणि सगळ्या ऑफिसने ऐकलं, "संध्याकाळपत्तूर चालू झालं न्हाय तर उद्यापास्नं येऊ नका."

मामा बाहेर आले ते सरळ माझ्या दाराशी. चपला काढल्या, हत्यारांची पिशवी खाली ठेवली. "ताई, येऊ काय आत?"

मी पुण्याच्या इंजिनिअरला फोन लावला होता. तो चार दिवसांनी येणार होता आणि तोवर कुणी हात लावू नका म्हणाला होता. मी मामांना तसं सांगितलं.

"चार दिस माझ्याकडं कुठं हाईत?" मामा म्हणाले.

त्यांनी पिशवीतून टेस्ट लॅम्प काढला, म्हणजे होल्डरमधला एक बल्ब आणि त्याला दोन वायरी. बोर्डाला लावला तर बल्ब लख्ख पेटला. मग मीटर लावून व्होल्टेज बघितलं, तेही बरोबर. कॉम्प्युटरची केबल तपासली, तीही चांगली. बोर्डाचा दोष नव्हता हे तिथेच सिद्ध झालं होतं. मी उठून मालकांना सांगायला हवं होतं. उलट मी म्हणाले, "मग आतलं काहीतरी जळलं असणार."

"पंखा हलतोय न्हवं?"

"हलतो आणि थांबतो."

"मग जळल्यालं न्हाय. जळलं असतं तर हललाच नसता. आत कुणीतरी त्याची मुंडी धरलीया." मामा खाली मांडी घालून बसले. "शेडमधी फ्यूज सारखा उडाय लागला की आमी काय करतो? समदी मशीनं सोडवायची आन् एकेक जोडत यायचं. जे जोडल्यावर उडंल ते चोर."

कॉम्प्युटर म्हणजे शेड नव्हे, असं मी त्यांना सुनावलं. पण माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता. झाकण काढलं. मामांनी प्रत्येक वायरीला चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर पेनने नंबर टाकला, आणि ती वायर कुठे जाते ते जुन्या कॅलेंडरच्या मागे काढून ठेवलं. एवढी काळजी आमच्या कोर्सात कोणी शिकवली नव्हती. मग सगळं सोडवून पॉवर सप्लायला, म्हणजे आतल्या वीज देणाऱ्या डब्याला, फक्त डिस्क जोडली आणि मला म्हणाले, "दाबा."

पंखा घरघर करत फिरायला लागला. मला रडू यायचंच बाकी होतं.

मग ज्यावर सगळी कार्डं बसतात ती मोठी पट्टी जोडली. टक्, आणि बंद. त्यातलं एक कार्ड काढलं, तरी बंद. दुसरं, तिसरं, सगळी काढली. नुसती पट्टी उरली तरी पंखा टक् करून थांबायचाच. मी म्हणाले, संपलं, पट्टीच गेली, आता नवीनच घ्यावी लागणार. मामांनी ऐकलंच नाही. पट्टीचे स्क्रू काढले आणि ती पापड उलथावा तशी हलकेच एका बाजूने उचलली.

खालच्या पत्र्यावर एक रुपया होता. तिरका, पट्टीच्या खालच्या डाखांना, म्हणजे सोल्डरच्या ठिपक्यांना, टेकलेला. त्याला हळदकुंकू लागलं होतं.

आधी मला काहीच कळेना. मामांना लगेच कळलं. "मालक पुजेचा पैसा मशीनच्या पोटातच ठेवत्यात," ते हळूच म्हणाले. "लेथला ठेवत्यात, प्रेसला ठेवत्यात. वर्सभर आतच ऱ्हाया पायजे, थोरल्या मालकांपास्नं हाय ते. हितंबी फट घावली असंल." फट होतीच. पुण्याच्या ऑफिसने विकताना एक कार्ड काढून घेतलं होतं आणि मागची ती खाच उघडीच राहिली होती. वीज त्या रुपयातून पत्र्यात उतरत होती, आणि पॉवर सप्लाय स्वतःला वाचवायला बंद होत होता.

रुपया काढून नंबर बघत सगळं जोडलं. बटण दाबलं, पंखा चालू झाला, पडद्यावर आकडे पळायला लागले. दुपारचे साडेचार झाले होते.

मी रुपया उचलून निघाले तर मामा म्हणाले, "त्यो कशाला दाखवताय? चालू झालं म्हणा, बास. त्यांनी भक्तीनं ठेवलाय."

मी ऐकलं नाही. केबिनमध्ये गेले, रुपया टेबलावर ठेवला आणि तो कुठे सापडला ते सांगितलं. बोर्ड बदलल्यावर कॉम्प्युटर दोन तास चालला होता, हेही सांगितलं. मालकांनी रुपया उचलला. मग तो कपाळाला लावून त्यांनी वरच्या खिशात टाकला. "वायरमनला म्हणावं उद्या जरा लवकर या. भट्टीची केबल बगायची हाय."

एवढंच. मला ते फार थोडं वाटलं. पण माझी चूक तरी मी मामांपुढे कुठे कबूल केली होती? खोलीत परत आले आणि दारातच बोलून टाकलं, "मामा, सकाळी तुमचं नाव मीच घेतलं होतं."

मामा वायरींवरचे नंबर काढत होते. त्यांनी मान वर केली नाही. "ठावं हाय की. मालकांनी सांगितलं सकाळीच, बाई असं म्हणत्यात म्हणून."

म्हणजे टेस्ट लॅम्प लावताना, माझं ऐकून घेताना, मला ताई म्हणताना, दिवसभर त्यांना माहीत होतं.

"झाकण ऱ्हायलंय," मामा म्हणाले. "हिकडनं धरा जरा."

मी धरलं. पाच स्क्रू होते. 'माफ करा' एवढंच म्हणायचं होतं, पण पाचवा स्क्रू बसेपर्यंत ते माझ्या तोंडातून निघालं नाही, आणि मामांची एसटीची वेळ झाली होती.