जहाजआबांचं ड्रिल

जहाजआबांकडे भात मागा, बैल मागा, अंगावरची घोंगडी मागा, नाही म्हणायचे नाहीत. पण त्यांच्या बोटीतलं ड्रिल कुणी मागितलं की म्हातारा फिरलाच म्हणून समजा. "बैल ने गड्या, जोडी ने. हत्यार बोटीतनं हलायचं न्हाई."

कोयनेच्या पाण्याकाठच्या त्यांच्या गावी मी शाळामास्तर होतो. धरणात जुनं गाव बुडालं आणि माणसं डोंगराच्या अंगाला वर सरकली. आबा फौजेत पूल बांधणाऱ्या पलटणीत होते. जमीन पाण्याखाली गेल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं शिडाची बोट बांधली. बाकीचे वल्ही मारीत, आबा शीड लावीत, म्हणून लोकांनी थट्टेनं तिचं जहाज केलं आणि आबांचे जहाजआबा. पाटणच्या गाडीला जायचं तर पाणी ओलांडण्यावाचून मार्ग नव्हता. मधोमध आलो की ते हटकून म्हणत, "गुरुजी, खाली माजी आंब्याची झाडं हायत. शेंड्यावरनं चाललोय आपन." हसावं की काय करावं, मला कधीच कळलं नाही.

ड्रिल आम्ही सांगलीत घेतलं. मी मूळचा तिथला, म्हणून मला सोबत ओढलं. दुकानदारानं आधी विजेवरचं दाखवलं. आबा म्हणाले, "आमच्या शेतावरल्या पान्याची वीज पार ममईला जाती. बोटीत कुठनं आनू?" मग हातानं पिळून भोक पाडायचं गिरमिट निघालं, ते त्यांना सागवानाला फार हळू वाटलं. शेवटी छातीला टेकवून मूठ फिरवायचं ड्रिल निघालं. आबा सरळ स्टुलावर चढले. "गुरुजी, ष्टूल हलवा, बोटीवानी." दुकानदार ओरडतोय, "अहो काका, पडाल!" आणि मी आपला स्टूल हलवतोय. आबांनी एका हातानं मांडणी धरली, छातीचा भार दिला, दुसऱ्या हातानं मूठ फिरवली आणि फळीला आरपार भोक पाडलं. "ह्येच पायजे. एक हात धरायला मोकळा ऱ्हातोय." पाण्याच्या दमटपणानं गंजू नये म्हणून ते रोज त्याला तेल देत आणि तेलकट फडक्यात गुंडाळून बोटीतल्या पेटीत ठेवीत.

हलायचं नाही या नियमाला वर्षात एकच सूट होती, खंडेनवमीची. त्या दिवशी घरातलं प्रत्येक हत्यार धुऊन, हळदकुंकू वाहून देवापुढं मांडायचं आणि पूजा उठेपर्यंत त्याला कामाला लावायचं नाही. आबा तर फौजी. "पलटनीत बंदुका पूजेला बसत्यात, मग ह्यानं काय घोडं मारलंय?" असं म्हणून ते स्वतः ड्रिल काखेत मारून घरी नेत.

त्या वर्षी त्यांची एकुलती एक लेक सुमन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नेमकी नवमीच्या दुपारी तिला कळा सुरू झाल्या आणि सुईणीचा धीर सुटला. "मूल आडवं हाय. पाटणला न्या, लौकर न्या." आबा, सुमनची आई म्हणजे काकू आणि मी सुमनला घेऊन बोटीत बसलो. त्या धावपळीत पेटीची आठवण कुणाला होणार?

निम्म्या पाण्यात वारा उलटा फिरला आणि सुकाणूची बिजागरी स्क्रूंसकट लाकडातून उपटून आली. सुकाणूवाचून शीड वाऱ्यावर गरगरायला लागलं. तसं फार मोठं काम नव्हतं. जरा वर नवी भोकं पाडायची आणि बिजागरी बसवायची. आबांनी सवयीनं पेटी उघडली. आत नुसतं तेलकट फडकं.

"देवापुढं बसलंय त्ये," आबा हळूच म्हणाले.

मग त्यांनी चाकूच्या टोकानं भोक कोरायला घेतलं. सागवानात पातं मोडलं. शीड उतरवून आम्ही दोघं वाऱ्याविरुद्ध वल्ही मारू लागलो. काठ दिसत होता, जवळ येत नव्हता. सुमन आधी आईला हाका मारत होती, मग नुसती कण्हत होती, मग तेही थांबलं. बोट काठाला लागली तेव्हा काकूच्या मांडीवर ती गार पडली होती. पोटातलं मूलही गेलं.

कुणी कुणाला बोल लावला नाही. मला मात्र त्या पूजेचा भयंकर राग आला, आजही येतो. आबांनी बोट चालवायची सोडली नाही. फक्त आंब्याच्या झाडांचं पुन्हा कधी काढलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला गावातली सगळी हत्यारं देवापुढं होती. आबा सकाळपासून काठाला लावलेल्या बोटीत बसून होते. शीड तयार, ड्रिल मांडीवर. मी म्हटलं, "आबा, आज कुठं जायचंय?"

"मला न्हाई. कुनाला जावं लागलं तर?"

काकू पूजेचं ताट घेऊन उतरणीनं खाली आली. हळदकुंकू, झेंडूची फुलं, पेटलेली पणती. ड्रिलला कुंकू लावायला तिनं बोट पुढं केलं, तसं आबांनी ड्रिल छातीशी धरलं.

"कुकू नगं. त्याल घाल."

काकूनं ताट बोटीच्या काठावर टेकवलं. मग तिनं पणती विझवली, वात काढून टाकली आणि त्यातलं तेल ड्रिलच्या चाकाच्या दातांवर ओतायला लागली. आबा खाली मान घालून मूठ फिरवत राहिले.