क्लचबाईंचं बटण

क्लचबाईंना खरं नाव होतं, पण ते आता फक्त त्यांच्या लायसन्सवर उरलं होतं. अर्ध्या शहराला त्यांनी गाडी शिकवली होती आणि शिकवताना एकच घोशा लावला होता: "क्लच हळू सोडा!" ज्यानं तो झटक्यात सोडला, त्याला बाई भर चौकात खाली उतरवायच्या आणि पुढच्या सिग्नलपर्यंत पायी यायला लावायच्या. त्यात एकदा एक न्यायाधीशही होते. तेही मुकाट्यानं चालले.

सुट्टीच्या दिवशी मात्र बाई नेमकं उलटं करायच्या. शहराबाहेर बंद पडलेल्या विमानतळाची धावपट्टी होती, तिथे ड्रॅग रेस भरायची. दोन गाड्या शेजारी शेजारी, पाव मैलाची सरळ पट्टी, दिवा हिरवा झाला की सुटायचं. इथे निम्मा निकाल सुटतानाच लागतो. इंजिनच्या फेऱ्या दाखवणारा काटा खाली असेल तर गाडी गुदमरते, फार वर असेल तर चाकं जागच्या जागी गरगरतात आणि नुसता धूर निघतो. काटा नेमका धरून ठेवण्यात बाईंचा उजवा पाय तरबेज होता. भल्याभल्यांना त्यांनी त्या पायावर पाणी पाजलं होतं.

मग त्या पायाला कंप सुरू झाला. वडिलांना होता तोच. वडिलांनी लोक बघतील म्हणून आधी पाहुण्यांकडे जाणं सोडलं, मग दुकानात जाणं, शेवटी दाराबाहेर पडणंच. त्यांची शेवटची वर्षं खिडकीचा पडदा नीट ओढलाय ना, हे बघण्यात गेली.

बाईंचा पाय टेकलेला असला की गप्प असायचा, अधांतरी धरला की थरथरायचा. रस्त्यावर गाडी चालवायला डॉक्टरांची हरकत नव्हती. त्यांनी शेजारी बसून खात्री करून घेतली होती. पण शर्यतीत सुटण्याआधी ॲक्सिलरेटर अर्ध्यावर धरायचा असतो, आणि तिथेच पाय नाचायचा. पायाबरोबर काटा नाचायचा आणि गाडी कधी गुदमरायची, कधी धूर ओकायची.

म्हणून बाईंनी लाँच लिमिटर बसवला. एक छोटी डबी आणि गिअरच्या दांड्यावर एक बटण. क्लच दाबायचा, बटण दाबायचं आणि ॲक्सिलरेटर सरळ तळाला टेकवायचा. ठरवलेल्या आकड्यापुढे इंजिन जातच नाही; डबी इंजिनची ठिणगी मधूनमधून तोडते आणि इंजिन फटफट करत तिथेच अडून राहतं. दिवा हिरवा झाला की बटण आणि क्लच दोन्ही सोडायचे. दर वेळी तोच आकडा, तीच सुरुवात. पाय तळाला टेकलेला, म्हणजे गप्प. आकडा किती ठेवायचा ते बाईंनी स्वतः शोधलं होतं, बरेच टायर जाळून.

हे सगळं डॉक्टरांखेरीज एकालाच माहीत होतं. बाईंचा धाकटा भाऊ ड्रायव्हिंग स्कूलचं ऑफिस सांभाळायचा आणि शर्यतीला मदतनीस म्हणून यायचा. त्या बटणाचा त्यानं धसका घेतला होता.

"लोक विचारतात ताई, बटण कशाला म्हणून. एक दिवस कळेल कुणाला तरी. पाय थरथरणाऱ्या बाईकडे शिकायला कोण येईल?"

दोन्ही घरं त्या स्कूलवर चालायची, त्यामुळे त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. त्यानं इतकं टुमणं लावलं की मागच्या महिन्यात बाईंनी डबी काढून ठेवली. मग शर्यतीत व्हायचं तेच झालं. बाई आपल्याच टायरच्या धुरातून बाहेर येईपर्यंत प्रतिस्पर्ध्यानं पट्टीच्या दुसऱ्या टोकाला हेल्मेटसुद्धा काढलं होतं. सगळी धावपट्टी हसली. भाऊ म्हणाला, "हरलीस, पण कुणाला काही कळलं नाही ना!" बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्याच दिवशी डबी परत बसली.

आज अंतिम फेरी होती. समोर टायरवाला पैलवान, मोठ्या इंजिनचा आणि त्याहून मोठ्या आवाजाचा. गाड्या रेषेवर उभ्या राहिल्या तसा निवेदक माइक घेऊन आला.

"आपला साधा हिशेब," पैलवान म्हणाला. "देवानं पाय दिलाय, मी पायानं गाडी सोडतो. बाई बटणानं सोडतात. बटण तर आमची नातही दाबते, टीव्हीचं!"

हशा पिकला. निवेदकानं माइक बाईंच्या खिडकीत घातला. "काय बाई, पायावर भरवसा नाही वाटतं?"

दुसऱ्या खिडकीतून भाऊ कुजबुजला, "ताई, हसण्यावारी ने. पाया पडतो तुझ्या."

हसण्यावारी नेणं सोपं होतं. दोन फटकळ उत्तरं बाईंच्या ओठांवर आलीही. पण त्यांना वडिलांचा तो पडदा आठवला आणि संताप आला. पैलवानाचा नव्हे, पडद्याचा.

"नाही भरवसा," त्या माइकमध्ये म्हणाल्या. "आजार आहे. अधांतरी धरला की थरथरतो पाय माझा, म्हणून बटण." त्यांनी दार उघडलं, उजवा पाय बाहेर काढला आणि हवेत धरला. बूट थरथरत होता. "बघून घ्या सगळ्यांनी. मागच्या रांगेला दिसतंय ना?"

कुणी हसलं नाही. पैलवानाचा चेहरा पडला. "बाई, मला माहीत नव्हतं. असं असेल तर मी जरा..."

"खबरदार! गाडी हळू सोडलीत तर जॅक घालीन डोक्यात."

बाईंनी दार आपटलं. बटण दाबलं, पाय तळाला टेकवला. पाय गप्प, काटा जागच्या जागी. दिवा हिरवा झाला आणि गाडी सुटली. पैलवानानं नेहमीच्या खाक्यात इंजिन पिळलं होतं. त्याच्याच दुकानातले टायर क्षणभर धूर ओकत राहिले. मग त्याचं मोठं इंजिन मागून गर्जत आलं, जवळ आलं, अगदी दाराशी आलं. पण तोवर पट्टी संपली होती. बाई बॉनेटभर पुढे होत्या.

त्या परतल्या तेव्हा भाऊ हत्यारांच्या पेटीवर बसला होता. "जिंकलीस," तो म्हणाला. "आणि स्कूल बुडवलंस."

"ज्याला शिकायचंय तो येईल. ज्याला पाय बघायचाय त्यानंही यावं, फी भरून."

"तुझं बरंय. तू बोलून मोकळी झालीस." त्याचा आवाज चिरकला. त्यानं जॅकिटच्या खिशातून उजवा हात काढला आणि बहिणीसमोर धरला. बोटं थरथरत होती. "बरेच महिने झाले. सही करायची वेळ आली की घाम फुटतो. घरीसुद्धा सांगितलं नाही अजून."

इतके दिवस हा कुणाचं गुपित राखत होता, ते बाईंना आत्ता कळलं. त्यांना रागही आला.

"गाढवा," त्या म्हणाल्या. "ऊठ. कॅन्टीनमधून दोन कप चहा आण. मागच्या वाटेनं नाही, त्या गर्दीतून आण."

"सांडेल, ताई."

"सांडू दे. काठोकाठ भरून आण."