तारमास्तरांचा सांगावा

आमचे तारमास्तर चार पायांच्या झाडून साऱ्या प्राण्यांना घाबरत. फलाटावर शेळी दिसली तरी खोलीत जाऊन आतून कडी घालत आणि काचेतून हमालाला खुणा करत. लढाई संपली त्या सुमाराला कृष्णाकाठच्या एका गावात मी शाळेवर गुरुजी होतो. ते वाईचे, मी साताऱ्याचा. संध्याकाळी फलाटावरच्या बाकावर आमच्या गप्पा रंगत.

कराडकडे नदी चढली की आमच्याकडे पाणी यायला चांगला अर्धा दिवस लागे. पावसाळ्यात मास्तर तिकडच्या तारमास्तरांना तारेनं रोज पाण्याची खबर विचारत. पाणी चढतंय असं कळलं, की छत्री घेऊन गावात दारोदार हिंडत. "जनावरं माळावर न्या, पेवातली ज्वारी उपसून घ्या. चुकलो तर मला हसा, पण आधी हला!"

पहिल्या वर्षी चुकलेच. सारं गाव गुरंढोरं, पोती घेऊन माळावर गेलं आणि नदी घाटाच्या चार पायऱ्या चढून मागं फिरली.

"मास्तर, पूर कुठं हाय वो?" जो तो विचारू लागला.

"आला नाही ना? मग पेढे वाटा की!" मास्तर खदखदून हसले. पण परतताना लोकांची पोती उतरवायला त्यांनी स्वतः खांदा दिला. पुढं आठ दिवस त्यांचं अंग दुखत होतं, हे फक्त मला ठाऊक.

दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा खबर आली, तेव्हा लोक कुरकुरले. ज्यांचा गोठा नदीला लागून, ते म्हातारे बापू तर हलेचनात. "नदी आमची आई हाय. आमास्नी न इचारता दारात यायची न्हाई." बापू बसले म्हणून सारी आळी बसून राहिली.

मास्तरांनी छत्री माझ्या हाती दिली आणि ते थेट गोठ्यात शिरले. त्यांनी थोरल्या बैलाचं दावं सोडलं. बैलानं नुसती मान हलवली, तसे ते शेणात सपशेल बसले; पण दावं काही हातचं सोडलं नाही.

"गुरुजी, हा चावतो का हो?" ते तिथूनच ओरडले.

बापू पोट धरून हसले. मग जवळ येऊन म्हणाले, "आवं, एवढं भ्याताय, तरी आत आलासा?"

"तुमच्या बैलापेक्षा नदीला जास्त भितो, बापू."

बापूंनी त्यांच्या हातातलं दावं घेतलं. "चला रं, सोडा जनावरं!"

दिवस मावळायच्या आत गोठ्यात गव्हाणीइतकं पाणी चढलं होतं. वर माळावर बैल, म्हशी, बियाण्याची पोती सारं सुखरूप होतं. बायका तीन दगडांच्या चुलींवर भाकऱ्या भाजत होत्या, आणि मास्तर जनावरांपासून बेतानं लांब उभे राहून सदरा वाळवत होते.

दोन वर्षांनी त्यांची बदली झाली. गाडी दिसेनाशी होईपर्यंत बापू फलाटावर उभे होते. मग घरी गेले.

आषाढात झड लागली. नव्या मास्तरांनी सकाळी दार उघडलं, तर फलाटावर घोंगडी पांघरून वीस-पंचवीस शेतकरी बसलेले. "गाडीला अजून पुष्कळ अवकाश आहे," ते गांगरून म्हणाले.

"आमास्नी कुठं जायाचं न्हाई," बापू म्हणाले. "तेवढं वर कराडला इचारा की, पाणी कवा निघालंय."