मोगऱ्याच्या हंगामातली शिकवणी

पहाटे मोगऱ्याच्या वाडीत शिरलं की वास येईल असं तुम्हालाही वाटत असेल. पण आधी जाणवतो तो पायाला लागणारा ओल्या मातीचा गारवा. गंध अजून कळ्यांच्या आत मिटलेला असतो. इतकी वर्षं हौसेनं गजरे माळूनही मला हे ठाऊक नव्हतं.

उमेळ्यातल्या आमच्या नव्या इमारतीला लागूनच ती वाडी. तिथली सहावीतली प्रणाली दिवाळीपासून रोज संध्याकाळी माझ्याकडे गणिताला येई. यंदाही नापास झाली तर शाळा बंद, असं तिच्या आईनं सांगून ठेवलं होतं. म्हणून मीच आपणहून हे काम अंगावर घेतलं होतं.

फाल्गुन लागला आणि ती पेंगू लागली. ऑफिसातून दमून आलेली मी. माझा पारा चढायला काय लागतं? एकदा बोलून गेले, "शिकायचंच नसेल तर येऊ नकोस." तिनं दप्तर आवरलं, आणि खरंच ती आली नाही. चार संध्याकाळी मी दाराकडे कान लावून बसले. जिला हात द्यायला निघाले तिलाच झिडकारलं, ही टोचणी काही केल्या जाईना.

रविवारी पहाटे गॅलरीत गेले, तर खाली वाडीत बॅटरीचा उजेड हलत होता. गळ्यात पिशवी अडकवून प्रणाली कळ्या तोडत होती. हंगाम सुरू झाल्यापासून ती रोज चारला उठत होती, आणि झोप का येते हे तिला विचारायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

मी तशीच खाली उतरले. "चुकलं गं माझं," एवढंच म्हणता आलं. तिनं दुसरी पिशवी माझ्या गळ्यात अडकवली. "बाई, हिरवी नका काढू, पांढरी फुगलेली तेवढीच घ्या." मी कितीदा चुकले, तिनं एकदाही आवाज चढवला नाही.

"उद्या येशील?"

"येईन. पण झोप आली तर?"

"तर झोप."

त्या वर्षी ती पास झाली, त्याचा आनंद झालाच. पण खरं हायसं वाटलं ते सोमवारी. ती आली, आणि दहा मिनिटांत वहीवर डोकं ठेवून निर्धास्त झोपली. याहून मोठी क्षमा कोणती असते? मी पंखा जरा वाढवला आणि ती उठेपर्यंत समोर बसून राहिले.