वेबसाइटचा पत्ता आणि खाली काळा फळा

सन २००६. माझं वय एकोणसाठ. जालन्यातल्या एका बियाणं कंपनीच्या ऑफिसात मी टोपी हातात धरून उभा होतो आणि जीएम साहेब मला सांगत होते, की मी रंगवलेल्या साठ भिंती वाया गेल्या.

"पेंटर, अक्षर सुंदर आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पण वेबसाइटवर माणूस येत नाही. उरलेल्या चाळीस भिंती कॅन्सल. तिथं फ्लेक्स लावू."

फ्लेक्स म्हणजे मशीनवर छापलेला मेणकापडाचा बोर्ड. तो जालन्यात आला आणि आमचा धंदा बसला. माझ्या बरोबरीचा एक पेंटर भाजीचा गाडा लावत होता, दुसरा ऑटो चालवत होता. मी एकटा अडून राह्यलो होतो. हे शंभर भिंतींचं काम हातचं गेलं असतं, तर माझाही ब्रश कायमचा खुंटीला लागला असता.

हे काम मला दिलं होतं मार्केटिंगच्या शिंदे मॅडमनं. माझ्या लेकीच्या वयाच्या. त्या शेजारीच उभ्या होत्या. म्हणाल्या, "सर, फ्लेक्स दुसऱ्या दिवशी कडब्याच्या गंजीवर जातो. भिंत कुणी उचलून नेत नाही. दिवाळीपर्यंत थांबू या."

साहेबांनी कॅलेंडर बघितलं. "ठीक आहे. दिवाळीपर्यंत. फरक पडला नाही, तर विषय संपला."

दिवाळीला सव्वा महिना होता.

वेबसाइट म्हणजे काय, ते मॅडमनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते कंपनीचं कॉम्प्युटरमधलं दुकान. दुकानात किती लोक आले ते कॉम्प्युटर मोजतो, त्याला ट्रॅफिक म्हणतात. आलेला माणूस किती वेळ थांबला, काही विचारलं का, परत आला का, त्याला एंगेजमेंट म्हणतात. आमच्या दुकानात दिवसाला दहा-बारा माणसं, त्यातली निम्मी ऑफिसातलीच. माझं काम एवढंच, की त्या दुकानाचा इंग्रजी पत्ता गावोगावच्या भिंतींवर काढायचा. मी चौथी शिकलेला. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण काढता येतं. अक्षर म्हणजे शेवटी वळण.

पत्ता मी काढला तो असा, की रस्त्यानं जाणारी एस.टी. हळू व्हावी. हातभर उंच अक्षरं, पिवळ्यावर तांबडी, कडेनं काळी शॅडो. निळीच्या दोरीनं रेघ मारल्याशिवाय मी ब्रश लावत नाही. लोक थांबून बघायचे. एकानं तर विचारलं, "मामा, हे तीन डब्ल्यू म्हंजी टीव्हीवरच्या कुस्तीचं हाय का?" मी म्हणालो, "वेबसाइट हाय." तो म्हणाला, "मंग ठीक हाय," आणि गेला. मी खूश. आपलं काम चोख, बाकीचं कंपनी बघेल, असा माझा हिशेब.

चाळीस भिंती अडकल्या होत्या, पण एक भिंत अर्धी झाली होती. कुंभार पिंपळगावात, रफिकभाईच्या दुकानाची. तिला चुन्याचा एक हात मारून झाला होता. अर्धी भिंत सोडणं माझ्या स्वभावात नाही. बाजाराच्या दिवशी मी डबे घेऊन तिथं गेल्तो.

रफिकभाईचा एसटीडी बूथ होता. त्यातच त्यानं एक कॉम्प्युटर आणि इंटरनेट ठेवलं होतं. अर्ध्या तासाला पाच रुपये घ्यायचा. दुसरा हात मारून भिंत सुकायची वाट बघत मी त्याच्या बाकड्यावर बसलो. तेवढ्यात जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सोयाबीन उतरवून एक टेम्पो परत आला. ड्रायव्हरचा पाय जमिनीला लागला न्हाई, तोवर वीस-पंचवीस माणसांनी त्याला घेरलं.

"काय भाव निघाला रे?"

"ओलं होतं का वाळलेलं?"

"बराबर सांग, मागल्या खेपेला लबाड बोलला तू."

ड्रायव्हर वैतागला. "आरं, च्या तरी पिऊ द्या!"

मी रफिकभाईला म्हणालो, "जरा ती वेबसाइट उघडून दाखव. साठ भिंतींवर पत्ता काढला, दुकान एकदाही बघितलं न्हाई."

त्यानं लावली. पाच मिनिटं गेली. पडद्यावर वरून खाली एक फोटो उतरू लागला. आधी केस आले, मग कपाळ, मग चष्मा. तोवर आमच्या मागं गणपतराव नावाचे एक शेतकरी येऊन उभे राहिले. त्यांची सोयाबीन काढून घरात पडली होती.

"ह्याच्यात भाव दिसतो का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. साहेबाचा फोटो हाय."

"खाली असंल."

खाली गेलो. खाली इंग्रजीत 'आपलं स्वागत आहे' होतं, असं रफिकभाईनं सांगितलं. त्याच्या खाली फॅक्टरीचा फोटो.

गणपतराव म्हणाले, "म्या याच्या घरी पाव्हणा म्हणून जाऊन राह्यलो का, स्वागत कराया?" आणि निघून गेले.

रफिकभाई हसला. "क्या उस्ताद, बाहर दीवार पे इतनी मेहनत, और अंदर देखो तो कुछ भी न्हई!"

मला राग आला. त्याचा न्हाई, माझाच. साठ गावांत मी लोकांना रिकाम्या दुकानाचा पत्ता देत फिरत होतो.

त्या दिवशी मी पत्ता काढला आणि त्याच्या खाली, कुणाला न विचारता, दोन हात लांब न् दीड हात उंच काळा पट्टा मारला. शाळेच्या फळ्याचा काळा रंग. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात जाऊन मॅडमला सगळं सांगितलं. त्या मला तशाच साहेबांकडे घेऊन गेल्या.

"मोंढ्याचा भाव?" साहेब म्हणाले. "आपण बियाणं विकतो, पेंटर. भाव सांगणं आपलं काम नाही. तुम्हाला वेबसाइट म्हणजे काय हे तरी माहीत आहे का?"

"न्हाई साहेब. पण भिंत म्हंजी काय ते चाळीस वर्षं माहिती हाय. भिंतीवर नुसतं 'या बसा' ल्हिवलं तर कुणी बसत न्हाई. सावली लागती."

मॅडम म्हणाल्या, "सर, मोंढ्यात फोन करून रोज अकरा वाजता भाव टाकायची जबाबदारी माझी. मराठीत. आणि शेतकऱ्यांच्या प्रश्नांसाठी एक पान. उत्तरं आपले शेतीतज्ज्ञ देतील."

साहेबांनी हात उडवला. तो होकार समजून आम्ही बाहेर आलो.

मंग मी रंगवलेल्या साठ भिंतींवर परत फिरलो. ज्या गावात एखादा बूथवाला इंटरनेट ठेवून होता, तिथं पत्त्याखाली काळा फळा मारला. बूथवाल्यांना सांगितलं, रोज साइट उघडा, भाव खडूनं फळ्यावर लिहा. लोक तुमच्या दारात येतील, तुमचाच गल्ला चालेल. बाकीच्या गावांत पत्त्याखाली एक ओळ वाढवली: 'इथं रोजचा भाव'.

आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी मॅडम आजारी पडल्या आणि आदल्या दिवशीचाच भाव साइटवर राह्यला. तोच फळ्यावर आला. तो बघून गणपतरावांनी सोयाबीन जालन्याला नेली, तिथं भाव उतरलेला. दुसऱ्या दिवशी ते रफिकभाईच्या दुकानात उभे राहिले. नेमका मीही तिथंच.

"पेंटर, तुझ्या फळ्यानं मला बुडवलं!"

बोलण्यात मी कधी कुणाला हार गेलो न्हाई, पण त्या दिवशी मान खाली घातली. रफिकभाई म्हणाला, "काका, इथं चिल्लाके क्या फायदा? कंपनी को लिखो." गणपतराव बोलले तसं त्यानं साइटच्या प्रश्नांच्या पानावर टाइप केलं. एकही शब्द गाळला न्हाई. काही शब्द गाळायला हवे होते.

मला वाटलं, संपलं. साहेब हे वाचतील आणि उद्यापासून फ्लेक्स.

मॅडम अंगात ताप असताना ऑफिसात आल्या. तक्रार पुसून टाकता आली असती. त्यांनी ती तशीच ठेवली आणि खाली सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: चूक आमची आहे. आजपासून भावाबरोबर तारीख राहील, आणि एकच आकडा न देता कमीत कमी किती व जास्तीत जास्त किती, ते राहील.

गावात भांडण झालं तर लोक काम टाकून बघायला येतात. तसंच झालं. गणपतरावांनी कंपनीला काय सुनावलं आणि कंपनीनं काय उत्तर दिलं, हे वाचायला माणसं बूथवर येऊ लागली. आली ती आपलेही प्रश्न टाइप करून घेऊ लागली. कुणाची तूर वाळत होती, कुणाच्या कापसाची पानं लाल पडली होती. उत्तर आलं का बघायला दुसऱ्या दिवशी परत यायची. एंगेजमेंट म्हणतात ते हेच, असं मॅडमनं मला फोनवर सांगितलं. गणपतरावही परत आले. शिव्या देत आले, पण भाव बघूनच गेले.

दिवाळीच्या चार दिवस आधी साहेबांनी बोलावलं. टेबलावर कागद होता, त्यावर साइटवर आलेल्या माणसांची एक रेघ. बरीच लांब आडवी पडलेली, आणि मंग घाटावर चढावी तशी वर गेलेली.

"हे तुमच्या फळ्यांचं काम, पेंटर."

"न्हाई साहेब. मॅडमचं न् रफिकभाईचं. आन् एका भांडखोर माणसाचं."

साहेब हसले. "उरलेल्या भिंती तुमच्याच. फळ्यासकट."

माझे डोळे भरले होते, पण ते मी ऑफिसात दिसू दिलं न्हाई. जिन्यात मॅडमला हात जोडले. त्या म्हणाल्या, "काका, असं काय करता?" आयुष्यात मी फार कमी लोकांपुढं हात जोडलेत. त्या माउलीला जोडताना जड गेलं न्हाई. तिनं शब्द टाकला नसता, तर चाळीस वर्षांचा हात त्याच साली थांबला असता. पुढं सात वर्षं चालला.

ह्यातून शिकलो ते एवढंच, की अक्षर कितीही देखणं असलं तरी माणूस अक्षरासाठी येत न्हाई. हे साठ भिंती झाल्यावर कळलं. मी हट्टी, मला उशिरा कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बदनापूरला गेलो. भिंत स्टेशनजवळची होती. डबा खाली ठेवला, पण उघडला न्हाई. बाकड्यावर बसलेल्या माणसांना विचारलं, "तुम्ही रोज इथं बसून काय विचारता?"

एकजण म्हणाला, "गाडी किती लेट हाय, दुसरं काय?"

ह्याचं उत्तर आमच्या वेबसाइटवर नव्हतं. खिशातली वही काढून मी मॅडमसाठी तो प्रश्न लिहून घेतला, आणि मंग चुन्याचा डबा उघडला.